एका आवाजाचा हौद

"आठ दिवसांत नगरपंचायत वाकवून दावतो," असं महारुद्र आबांनी चाळीच्या कट्ट्यावर उभं राहून जाहीर केलं, तेव्हा ऐकायला दोन कुत्री, एक शेळी आणि शेजारचा बसप्पा एवढीच सभा होती. त्यातला बसप्पा जन्मभर पिठाच्या गिरणीवर बसल्यामुळं दोन्ही कानांनी ठार बहिरा. कुत्री झोपलेली. शेळीनं तेवढी मान हलवली आणि आबांनी तो ठराव सर्वानुमते मंजूर झाला असं धरलं.

आबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण दोन माणसं एकत्र दिसली की "पुढं सरका" म्हणायची सवय काही गेली नव्हती. सरकारबद्दल त्यांचं एक शास्त्र होतं. "सरकार म्हंजी गाडीच हाय. डायवर कुणीबी असू द्या. घंटीची दोरी कुठंय ते ज्याला ठावं, गाडी त्याची."

आता ही दोरी ओढायची वेळ त्यांच्यावर का आली, ते सांगितलं पाहिजे.

तुळजापूरहून नळदुर्गाकडं जाताना एका जागी पाट्या मराठीतच राहतात पण भांडणं कानडीत सुरू होतात. ते आमचं हंगरवाडी. तिथं बेघरांसाठी सरकारनं बांधलेली एक चाळ आहे. भाडं नगरपंचायत घेते. भाडं नेणारा माणूस नेमानं यायचा, दुरुस्ती करणारा माणूस मात्र अजून जन्माला यायचा होता. भिंती बऱ्या होत्या, दारं चालण्यासारखी होती, पण छत? स्लॅबचं वयात आलेल्या पोरासारखं झालं होतं. कधी काय सोडून देईल नेम नाही. प्रत्येक खोलीला आपापल्या स्लॅबचा स्वभाव पाठ होता. शांतम्माचा स्लॅब दुपारी जेवणं झाली की पोपडे टाकायचा. कोपऱ्यातल्या निकिताचा भुरभुर मीठ टाकल्यासारखा. आबांचा स्लॅब मात्र घुम्या. दोन-दोन महिने गप्प राहायचा आणि मग एकदम पाटा-वरवंट्यातला पाटाच खाली सोडायचा.

त्यानं यंदा मुहूर्त साधला तो येळवशीचा. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं घरात जेवणारा माणूस आजारी तरी असतो नाहीतर परजिल्ह्यातला. सगळा जिल्हा रानात जाऊन भाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबील खातो. आबांना शेत नव्हतं, पण सत्यभामाबाईंच्या भावाचं तामलवाडीला होतं. बाईंनी आदल्या दिवशीपासून ताकात ज्वारीचं पीठ कालवून, लसूण-जिरं लावून बिंदगंभर, म्हणजे कळशीभर, आंबील केलं होतं. सकाळी बिंदग्याच्या गळ्याला हार बांधायला म्हणून त्या वाकल्या, आणि वरून पाटा आला. थेट बिंदग्यात. भिंतीवरच्या देवांपासून चुलीपर्यंत सगळ्यांना आंबिलाचा अभिषेक झाला.

बाईंनी तोंडावरचं आंबील पुसलं. "पडायचंच हुतं तर आंबिलातच पडायचं हुतं?"

"अगं, म्या पाडला का?" आबा म्हणाले.

"तुमी पाडला न्हाय. तुमी कधी काही उभाबी केला न्हाय."

एवढं बोलून बाई मोकळं बिंदगं आणि एक पिशवी घेऊन तामलवाडीला गेल्या. जाताना दारात म्हणाल्या, "छत झालं की सांगा. न्हाय झालं तर दिवाळीला भावाला तिथंच ववाळीन. जायायची-यायची दगदग वाचंल."

येळवस झाली, संक्रांत झाली, बाई आल्या नाहीत. आबांची भाकरी आता मराठवाड्याच्या नकाशासारखी व्हायची, कडेला कर्नाटक जळालेला. रोज संध्याकाळी ते फोन लावायचे.

"बरी हायस का?"

"बरी हाय. छत?"

"चाललंय की."

"कुठं चाललंय?"

इथं फोनची रेंज जायची. आबाच ती घालवायचे.

तर आठ दिवसांत नगरपंचायत वाकवायची ती यासाठी. चाळीला वाटत होतं आबा हक्कासाठी पेटलेत. आबांना फक्त बायको पाहिजे होती, आणि ती छताखालीच येणार होती.

शेळीच्या पाठिंब्यावर काम भागेना, तेव्हा आबा निकिताकडं गेले. निकिता ही परंड्याची लेक. इथं नांदायला येऊन कानडीही कानाला लावून घेतलेली, हुशार. सोलापूरच्या एका संस्थेनं भाडेकरूंच्या हक्कांचं प्रशिक्षण ठेवलं होतं, तिथं ती जाऊन आली होती. येताना एक कापडी पिशवी, एक बिल्ला आणि 'सनदशीर' हा शब्द घेऊन आली. आबांना तो शब्द इतका आवडला की ते दूधवाल्यालाही "सनदशीर माप घाल" म्हणू लागले.

निकितानं चाळीचा भाडेकरू संघ काढला. आबा अध्यक्ष. रोज उन्हं उतरली की अंगणात प्रशिक्षण.

"मागच्या खेपेला साहेब आले तवा काय झालं?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

मागच्या खेपेला सगळी चाळ एकदम बोलली होती. एकजण छताचं, एकजण गटाराचं, कुणी सुनेचं, आणि शांतम्मा निकिताच्या कोंबड्यांचं. साहेब डोकं धरून गेले ते बदली घेऊनच थांबले.

"म्हणून आता नेम एकच," निकिता म्हणाली. "एक विषय, एक आवाज. विषय छत. आबा मांडणार. साहेबांनी काही विचारलं की एकानं उत्तर द्यायचं आणि सगळ्यांनी तेच, तसंच, एकदम म्हणायचं. मधी दुसरा शब्द न्हाय."

मग सराव. आधी बसप्पाला साहेब केलं. खुर्चीवर बसवून समोर निवेदन ठेवलं. बसप्पाला ऐकू काही आलं नाही, पण समोर इतकी गरीब माणसं हात जोडून उभी बघून त्याचा जीव कळवळला. "मंजूर," तो म्हणाला आणि खिशातून तंबाखू काढून सगळ्यांना वाटली.

"असा साहेब कुठंच नसतोय," निकिता म्हणाली. "आबा, तुमी व्हा."

आबा साहेब झाले आणि पंधरवड्यात पहिल्यांदाच खुश दिसले. "निधी नाही. पुढच्या वर्षी या. हे आमच्या खात्यात येत नाही. सुट्टे आहेत का?" त्यांनी चाळीची अशी काही कत्तल केली की शांतम्मा लाटणं घेऊन उठली. दोन बायकांनी तिला धरली.

आता उत्तर देणारा आवाज कुणाचा, यावर चर्चा झालीच नाही. शांतम्माचाच. शांतम्मा म्हणजे बसप्पाची बायको. गिरणीच्या घरघरीवरनं नवऱ्याला हाका मारून-मारून तिचा आवाज असा काही तापला होता की तेरखेड्याच्या फटाकेवाल्यांनी ऐकला असता तर दारूच्या जागी तोच कागदात गुंडाळला असता. ती "व्हय" म्हणायची आणि मागून सगळी चाळ "व्हय" म्हणायची. झाडावरचे बगळे उडायचे. निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. सोलापुरातसुद्धा असा गट तिनं बघितला नव्हता.

साहेब यायचा दिवस ठरला. नवीन इंजिनियर, तांडेल साहेब, रायगडकडचे. समुद्रकाठचा माणूस, मऊ बोलणारा, आमच्याकडची भाजी खाल्ली की रडणारा. त्याला हंगरवाडीत येऊन अजून धड ऊनही लागलं नव्हतं.

आणि त्याच दिवशी आबांचा घसा गेला.

आदल्या दिवसापर्यंत त्यांनी घोषणांचा सराव केला होता. एकट्यानं, दोन्ही बाजूंनी. "कोण म्हणतंय देत न्हाय" हेही तेच, "घेतल्याबिगर ऱ्हात न्हाय" हेही तेच. सकाळी तोंड उघडलं तर आतून पंक्चर झालेल्या टायरचा आवाज आला.

"राहू द्या आबा," निकिता म्हणाली. "तुमी हातानं दाखवा. बोलायला शांतम्मा हाय."

साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. आता इथं शांतम्माचं काय झालं ते नीट ध्यानात घ्या. सराव करताना समोर आबा होते, म्हणून तिच्या तोंडून "व्हय" जायचं. पण मोठ्या माणसाला, पाव्हण्याला, शर्ट इनमध्ये घातलेल्याला अदबीनं हो म्हणायचं, तर ते तिच्या माहेरच्या भाषेत. कानडीत हो म्हणजे 'हौदु'. आमच्याकडं घाईत शेवटचा उकार खाल्ला जातो आणि उरतं 'हौद'. चाळीत हे इतकं रुळलेलं की मराठी माणूसही बोलता बोलता हौद म्हणून जातो, कुणाच्या कानाला खुपत नाही. रायगडात मात्र हौद म्हणजे हौद. पाण्याचा.

"छताची काही तक्रार आहे, असं ऐकलं," साहेब म्हणाले.

शांतम्मानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, हात जोडले. "हौद."

"हौद," मागून सगळी चाळ म्हणाली. बगळे उडाले.

साहेब दचकले. वहीवर झुकलेलं डोकं वर आलं. "बरं. सगळ्यांची मुख्य मागणी हीच?"

"हौद."

"बाकीचं मागाहून झालं तरी चालेल?"

आता छत झाल्यावर गटार मागाहून चालणारच होतं. "हौद."

"एकही माणूस विरोधात नाही?"

"हौद."

साहेबांनी आबांकडं पाहिलं. अध्यक्षांचं मत घ्यावं म्हणून. आबांना बोलता येईना. त्यांनी दोन्ही हात वर करून छत दाखवलं.

"इतका उंच?" साहेबांनी विचारलं.

आबांनी मान हलवली. मग आंबिलात पाटा केवढा पडला ते दाखवायला दोन्ही हात होते तेवढे फाकवले, आणि बायकोची आठवण येऊन आणखी फाकवले.

"आणि इतका मोठा?"

आबांनी डोळे पुसत मान हलवली.

साहेबांनी रीत म्हणून आबांच्या खोलीत जाऊन वरही बघितलं. पण तो स्लॅब म्हणजे घरी पोरांना मारणारा आणि पाव्हण्यांपुढं गोड बोलणारा माणूस. एक कण पडला नाही.

जाताना साहेब निकिताला म्हणाले, "ताई, मी बऱ्याच वस्त्या पाहिल्या. इतकी एकजूट कुठं नाही. या वर्षीचा निधी आहे, लगेच करून टाकतो."

त्या दिवशी चाळीत गोड झालं. आबांनी कुजबुजत्या आवाजात तामलवाडीला फोन केला. "मंजूर झालं."

"कोण बोलायलंय?" पलीकडून आवाज आला. "आवाज चोरासारखा येयलाय."

काम खरंच लगेच सुरू झालं. ट्रॅक्टरभर विटा आल्या, वाळू आली आणि लिंबाजी गवंडी आला. लिंबाजीनं अंगणात फक्की टाकून चौकोन आखला आणि खणायला घेतलं.

"खाली कशाला खणायलास? छत तर वर हाय," शांतम्मानं विचारलं.

"मला हौद बांधाय सांगितलाय," लिंबाजी म्हणाला.

सगळ्यांनी आबांकडं बघितलं. आबांचा घसा एव्हाना अर्धा परत आला होता आणि ज्ञान तर कधी गेलंच नव्हतं. "अरे, स्लॅब टाकला की पंधरा दिवस त्याला पाणी मारावं लागतंय. ते पाणी कुठनं आणणार? म्हणून आधी हौद. सरकार पद्धतशीर काम करायलंय. बघा आन् शिका."

हे सगळ्यांना पटलं. लिंबाजीला शांतम्मा चहा देऊ लागली. आबांनी फोन केला.

"सुरू झालं बग काम."

"छताचं?"

"छताच्या पाण्याचं."

"छताला पाणी कशाला? पीक हाय का?"

आबांनी रेंज घालवली.

हौद मात्र वाढतच गेला. आबांच्या कमरेला लागला, छातीला लागला, डोक्यावरनं गेला. आतून फरशी बसली. चढायला पायऱ्या झाल्या. एवढ्या पाण्यात हंगरवाडीतली सगळी छतं भिजून वर तुळजापूरची निम्मी भिजली असती. निकिताच्या कपाळाला आठी पडली, पण आबा म्हणाले, "मोठं काम, मोठा हौद." शेवटी लिंबाजीनं त्याला निळा रंग दिला, थापी धुतली आणि घमेलं पालथं घालून निघाला.

"आता वर कधी चढणार?" आबांनी विचारलं.

"कशाला?"

"छताला."

"छताचं मला काय ठावं? हौद सांगितला, हौद दिला."

संघाचं शिष्टमंडळ तडक नगरपंचायतीत गेलं. तांडेल साहेब हसतमुखानं उठले. त्यांना वाटलं आभार मानायला आले.

"साहेब," आबा म्हणाले, "छत कुठंय?"

"छत? तुम्हीच तर म्हणालात ते मागाहून."

"आमी?" आबांनी मागं वळून पाहिलं.

साहेब शांतम्माकडं वळले. "आजी, मी तुम्हाला विचारलं. छताची तक्रार आहे का, तर तुम्ही काय म्हणालात?"

"हौद," शांतम्मा म्हणाली.

"मग बांधला की."

"छत बांधायचं हुतं की."

"मग हौद का म्हणालात?"

"मग काय इल्ला म्हणू?"

साहेबांना वाटलं इल्ला हाही बांधकामाचाच एखादा प्रकार. त्यांनी वही ओढली, पेन काढलं. निकितानं ते पेन कागदाला टेकायच्या आधी वरच्या वर धरलं. तिच्या डोक्यात एव्हाना उजेड पडला होता, आणि चेहऱ्यावर अंधार.

"साहेब, थांबा. लिहू नका. कानडीत हौद म्हंजी हो," ती म्हणाली. "आन् इल्ला म्हंजी न्हाय."

साहेबांचे कान लाल झाले. मग गाल. मग ते टेबलावर डोकं ठेवून हसायला लागले, आणि हसता हसता एकदम थांबले. "पण ताई, या वर्षीचा निधी तर हौदात गेला."

"पाणी सोडायच्या आधीच?" आबा म्हणाले.

"आता पुढच्या वर्षी बघू. आणि परवा नगराध्यक्षा उमाबाई लोकार्पणाला येणार आहेत. ते रद्द करता येत नाही. एवढा मोठा हौद लपवणार कुठं?"

घरी येऊन आबांनी फोन हातात धरला आणि बराच वेळ नुसता धरला. लावला तेव्हा बाईच आधी बोलल्या. "झालं का?"

"झाला."

"झाला? छत झालं म्हणत्यात, झाला न्हाय."

"हौद झाला."

पलीकडं भाकरी थापायचा आवाज थांबला. "आता हौदात ऱ्हायाचं का?" या वेळी रेंज बाईंनी घालवली.

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. भाकरी बघून तसंही कुणी जेवलं नसतं. पण हे वेगळं होतं. ते नुसते छताकडं बघत बसले, आणि बघता बघता त्यांच्या डोक्यात एक विचार पडला. स्लॅबसारखाच, जड आणि न विचारता.

"उमाबाईंना चहाला आपल्या खोलीत बसवायचं," त्यांनी दुसऱ्या दिवशी संघापुढं मांडलं. "बरोबर त्या जागंखाली. न्हाय, न्हाय, अंगावर न्हाय पाडायचा. हातभर पलीकडं. बाईंनी डोळ्यानं बघितलं की काम होतंय."

"हे सनदशीर न्हाय," निकिता म्हणाली.

"चहा पाजणं सनदशीर न्हाय? काय म्हणायलीस पोरी."

"आन् नेमका तवाच कसा पडंल?"

त्याची सोय आबांनी केली होती. बसप्पा मुसळ घेऊन छतावर बसणार. ऐकू येत नाही, म्हणून खूण डोळ्यांची. आबा दारात येऊन उपरणं झटकणार, की बसप्पानं वरून एक हाणायची. निकिता जास्त काही बोलली नाही. तिनं फक्त खुर्ची आणखी हातभर सरकवायला लावली, आणि निकिता आत वळताच आबांनी खुर्ची परत जागेवर आणली.

लोकार्पण झालं. उमाबाईंनी फीत कापली, हौदाला हळदीकुंकू वाहिलं, आणि साहेबांसह आबांच्या खोलीत येऊन बसल्या. शांतम्मा चुलीपाशी चहाला. दारात अख्खी चाळ. उमाबाईंना जरा विचित्र वाटलं, कारण एकही माणूस त्यांच्याकडं बघत नव्हता. सगळे वर बघत होते.

आबा दारात गेले, उपरणं झटकलं. वर धप्प झालं. काही पडलं नाही. आबांनी दोनदा झटकलं. धप्प, धप्प. स्लॅब हू का चू नाही.

"वर कोण आहे?" उमाबाईंनी विचारलं.

"वानरं," शांतम्मा म्हणाली.

आबांचा चेहरा उतरला. आता चहा होणार, बाई जाणार, वर्ष जाणार, दिवाळी तामलवाडीत जाणार. तेवढ्यात दारातली गर्दी बाजूला झाली आणि पिशवी, रिकामं बिंदगं आणि रागानं फुललेलं नाक घेऊन सत्यभामाबाई आत आल्या.

"माझ्या घरात नगराध्यक्षा चहाला, आन् मला भावजयीकडनं कळायलंय?" त्यांनी पिशवी आबांच्या हातात कोंबली. चुलीकडं बघितलं. "शांतम्मा, अगं, पाव्हणीला कानतुटक्या कपात? चांगले कप फळीवर मागल्या बाजूला असत्यात. आन् साखर किती घातलीस, बारसं हाय का?" मग त्यांचं लक्ष खुर्चीकडं गेलं आणि त्या कमरेवर हात ठेवून थांबल्या. "बाई, तिथं कुणी बसवलं तुमाला? उठा. उठा आधी. आमचं आंबील गेलं ती जागा हाय ती." आणि नगराध्यक्षांना उठवून, खुर्ची स्वतः उचलून त्यांनी पार देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवली.

आबा दारात उभे होते. बायको घरात होती. ओरडत होती. किती दिवसांनी घर घरासारखं वाटत होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसायला उपरणं उचललं.

छतावरून बसप्पानं पाहिलं. मघापासून नीट जमलं नाही याची त्याला लाज वाटत होती. त्यानं गिरणीवाल्याची सगळी ताकद लावून मुसळ हाणलं.

पाटा नाही, या वेळी वरवंट्यासकट सगळा संसारच खाली आला. रिकाम्या जागेत. धुरळा खाली बसला तेव्हा उमाबाई, साहेब आणि भिंतीवरचे देव एकाच रंगाचे झाले होते. वरती वावभर भोक पडलं होतं, त्यातून निळं आभाळ दिसत होतं आणि आभाळाच्या मधोमध बसप्पाचं तोंड.

"आबा," तो बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "पडला का? का आनिक एक हाणू?"

निकितानं डोळे मिटून घेतले. उमाबाईंनी वर पाहिलं, मुसळाकडं पाहिलं, आबांच्या हातातल्या उपरण्याकडं पाहिलं. मग आपण मघाशी बसलो होतो त्या जागेकडं बराच वेळ पाहिलं.

"हे रोज पडतं?" त्यांनी विचारलं.

पुन्हा हौद निघू नये म्हणून शांतम्मानं पदराचा बोळा दातात धरला होता.

"रोज न्हाय बाई," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पण पडायचं त्येच्या मनावर हाय, आमच्या न्हाय. बसप्पानं हाणलं म्हणून आज पडलं. येळवशीला कुणी हाणलं हुतं? आमी खाली निजतो तवा कोण हाणतंय?" एवढं बोलून त्या चहा गाळायला वळल्या. "घ्या. धुरळा पडला न्हाय ह्या कपात. म्या झाकला हुता."

उमाबाईंनी कप घेतला. एक घोट घेतला, मग साहेबांना म्हणाल्या, "तांडेल, छत कुठल्या निधीत बसवायचं ते तुम्ही बघा. पण बसवा. आणि त्या माणसाला आधी खाली उतरवा. त्याच्यासकट येईल उरलेलं."

साहेबांनी संध्याकाळच्या आत बल्ल्या पाठवल्या. प्रत्येक खोलीत स्लॅबला खालून टेकू. आबांच्या खोलीत भोकाचा भाग जास्त म्हणून बल्ल्याही जास्त. घराचं जंगल झालं. चुलीपासून दारापर्यंत जायचं म्हणजे नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीतून गाडी काढायची. आबा रात्रंदिवस "पुढं सरका" म्हणत स्वतःलाच वाट देऊ लागले. जेवताना दोघांच्या मधे एक बल्ली यायची. तिच्या एका बाजूनं आबा वाटी पुढं करायचे, दुसऱ्या बाजूनं बाई वाढायच्या.

"तामलवाडीला जायाचं का, काम होईस्तोवर?" आबांनी एकदा घाबरत विचारलं.

"कशाला? माझी भाकरी भावजय खायायली तिकडं. तुमी जळकी खायायलात इकडं." एवढ्यावर तो विषय संपला, आणि आबांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

छत झालं. सगळ्या चाळीचं झालं. लिंबाजीनं स्लॅब टाकला आणि अंगणातल्या निळ्या हौदाचं पाणी त्याला पंधरा दिवस मारलं, त्यामुळं हौद मागितला ते चुकलं नाही, असं आता शांतम्मा शपथेवर सांगते. मग लिंबाजी बल्ल्या काढत काढत आबांच्या खोलीत आला.

"ही तेवढी राहू द्या," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"कशाला? छत आता हत्ती नाचवला तरी हलणार न्हाय."

"छताला कोण इचारतंय? माझी दोरी बांधलीया हिला. लुगडी कुठं वाळवू? भाईर शेळी खायायली."

लिंबाजीनं आबांकडं पाहिलं. आबा कोपऱ्यात भिंतीवरचे देव पुसत होते. बल्ली राहिली.

आणि मग एके दिवशी तांडेल साहेब शेवटची तपासणी करायला आले. चाळभर फिरले, प्रत्येक छताला काठी लावून बघितली, खुश झाले. आबांच्या खोलीत आले तर मधोमध बल्ली. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "हे काय? अजून टेकू?" म्हणत ते तिच्याजवळ गेले, मान वर केली आणि नेमकं नुकतंच पिळून टाकलेल्या नऊवारीचं पाणी त्यांच्या कपाळावर टप्पकन पडलं.

साहेबांनी कपाळ पुसलं. ओली बोटं बघितली. नव्या कोऱ्या स्लॅबकडं बघितलं.

"आबा," ते हळूच म्हणाले, "गळतंय?"

आबा खरं काय ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात सत्यभामाबाईंनी एका हातानं बल्ली धरून त्यांच्या पायावर पाय दिला.